नावाचा रकाना

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि पावसानं दगा दिल्याचंही ते तिसरंच वर्ष. जुन्या जिल्ह्यानं आमच्यावरून हात काढून घेतला होता आणि नव्याच्या कागदांवर अजून जुन्याचेच शिक्के होते. निलंग्यापासून आठ मैलांवरचं आमचं गाव. टँकर चार दिवसांनी यायचा, मधले दिवस लोक विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी प्यायचे. डॉक्टर सोडा, साधी नर्ससुद्धा नव्हती. नांदेडच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानानं खेड्यांकडून आरोग्य मदतीचे अर्ज मागवलेत असं कळलं, तेव्हा अख्खं गाव माझ्याकडे आलं. निवडलेल्या गावाला दोन वर्षं एक नर्सबाई मिळणार होती, औषधांची पेटी मिळणार होती आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांची जीप येणार होती.

माझ्याकडे येणारच. मी शाळेचा मास्तर, निवृत्ती गुरुजी. बौद्धवाड्यातून शिकून नोकरीला लागलेला पहिला. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, मी कागदावर राबलो. माझा एकही कागद त्रुटी काढून परत आलेला नव्हता आणि त्याचा मला भारी माज होता. पोरांनी पाटीवरचा एक रकाना मोकळा सोडला तरी माझी छडी चालायची.

अर्जात एक पान वर्षभरातल्या मृत्यूंचं होतं. नाव, वय, तारीख, कारण. वर ठळक सूचना, की अपूर्ण माहितीचे अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. मी घरोघर फिरलो. लोकांनी म्हातारी माणसं सांगितली, साप चावून गेलेला एक गडी सांगितला. तान्ही लेकरं कुणीच सांगितली नाहीत. बारशाआधी गेलेलं मूल आमच्याकडे कुणी मोजत नाही, मग वाडा कुठलाही असो. बाप ते फडक्यात गुंडाळून नेतो, माती देतो, पाय धुऊन घरात येतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. मीही गेलो होतो. आमची मुलगी त्याच सालच्या भादव्यात, जन्मून नवव्या दिवशी गेली आणि दहाव्या दिवशी मी शाळेत पाढे घेतले.

गावातली बाळंतपणं करणारी सरजाबाई आपण होऊन घरी आली.

"गुरुजी, माझ्या हातची सात लेकरं गेली या सालात. लिवा की."

"नावं सांगा."

"नावं कुठली आनू? बारशापोतर जगलीच न्हाईत."

"मग कसं लिहू? रकाना मोकळा दिसला की अर्ज बाद होतो."

"अवो, पर मेली की ती!"

मी चिडलो. "सरजाबाई, बाळंतपणातलं तुम्हाला कळतं, कागदातलं मला कळतं."

ती उठून गेली. माझी बायको सिंधु तिथंच ज्वारी निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता तिनं विचारलं, "आपली लिवली का?"

"तिचं नाव कुठं ठेवलं होतं आपण?" मी म्हणालो.

मी 'बालमृत्यू' या शब्दापुढं माझ्या वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं. साऱ्या अर्जात एक खाडाखोड नव्हती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'आपल्या गावात वर्षभरात एकही बालमृत्यू झाला नाही, ही अभिनंदनीय बाब आहे. यंदाची मदत अधिक गरजू गावास देण्यात येत आहे.' मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी लातूरला एसटी बदलून नांदेड गाठलं.

अर्ज पाहणाऱ्या तारामतीबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग भोकरकडच्या एका गावाचा अर्ज माझ्यापुढं ठेवला. वहीचं फाडलेलं पान, हातानं आखलेले रकाने, शाईचे डाग, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लेकरू, तीन दिस. पोरगी, एक दिस. लेकरू, सहा दिस.' अशा अकरा ओळी.

"गुरुजी, आम्ही याच ओळी शोधत होतो. तुम्ही लिहिल्या असत्या तर तुमचा विचार नक्की झाला असता. आता नर्सबाई तिकडं रुजूसुद्धा झाल्या."

"पण सूचना होती ना, अपूर्ण माहिती..."

"मेलेलं लेकरू म्हणजे अपूर्ण माहिती का हो?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकून म्हणाल्या.

गावाला मी खरं सांगितलं नाही. आपला वशिला कमी पडला म्हणालो आणि लोकांनी माना डोलावल्या. त्या उन्हाळ्यात आणखी चार लेकरं गेली. सरजाबाईनं मला एकदाही तोंडावर बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या साली प्रतिष्ठानानं पुन्हा अर्ज मागवले, या वेळी दोन वर्षांचे मृत्यू विचारले. मी सरजाबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो, माफी मागितली आणि ती सांगेल तसं एकेक लेकरू लिहून घेतलं. घरी येऊन शेवटची ओळ लिहिली आणि सिंधुला म्हणालो, "आपलीपण लिहिली बघ. नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय."

"नाव व्हतं की तिला," सिंधु म्हणाली. "पयल्या दिवसापून मी हाक मारत व्हते. तुमी कधी इचारलंच न्हाई."

मी पेन उचललं. "सांग, लिहितो."

"कागदासाठी न्हाई सांगायची," ती म्हणाली आणि घागर उचलून बाहेर गेली.

त्या वर्षी गावाला नर्सबाई मिळाली. पुढं मी सिंधुला कितीतरी वेळा विचारलं, कागद-पेन दूर ठेवून विचारलं, हात जोडून विचारलं. ती माझ्याकडं नुसती बघायची आणि कामाला लागायची. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. माझ्या मुलीचं नाव काय होतं, ते मला ठाऊक नाही.