मृतांच्या रकान्यात

फादरांनी आगापियाच्या चिठ्ठीतली मृतांची नावं वाचायला घेतली, आणि तिच्या सासूसासऱ्यांच्या मागोमाग ते "पामफिल" म्हणाले. तिच्या हातातली मेणबत्ती कलंडली, मेण बोटांवर ओघळलं. पामफिल तिचा नवरा. सकाळी त्याला लापशी भरवूनच ती चर्चला आली होती.

नऊ वर्षं दर रविवारी ती प्रार्थनेत वाचण्यासाठी फादरांना चिठ्ठी देत होती. डावीकडे जिवंतांची नावं, उजवीकडे गेलेल्यांची, आणि डावीकडे पहिलं पामफिलचं. पक्षाघाताच्या झटक्याने तो अंथरुणाला खिळला होता; निदान त्याचा लुळा उजवा हात हलावा, एवढंच मागणं. गावातल्या थडग्यांच्या निम्म्या क्रुसांवरची नावं त्याच हाताने रंगवली होती. लोक हसले, तिने गुडघे झिजवले. जिवंत माणसाचं नाव उजवीकडे लिहिलं की तो लवकर जातो, हे तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आज चिठ्ठी घरीच विसरली होती, ती नणंदेने, सावेताने आणली होती. आगापियाने तिला चर्चच्या दारातच गाठलं.

"सख्ख्या भावाच्या जिवावर उठलीस?"

"मी? अगं, चष्मा फुटलाय माझा, स्वतःचं नाव लिहिता येईना मला. त्याच्या उशाशी घडी घालून ठेवली होतीस, तशी उचलली."

आगापियाने फादरांकडून चिठ्ठी मागून घेतली. वरची नावं तिच्या अक्षरातली. शेवटचं पेन्सिलीने लिहिलेलं, थरथरत खाली घसरलेलं. पण पहिल्या अक्षराला लांब शेपटी होती. तशी शेपटी गावात एकच माणूस काढायचा. सासऱ्यांच्या क्रुसावरही तीच होती.

म्हणजे हात हलला होता. देवाने ऐकलं होतं. आणि पामफिल तिच्या हातून मुकाट्याने घास घेत राहिला होता. एवढा दगा तिला वैऱ्यानेही दिला नव्हता.

घरी तिने सूप वाढलं. सवयीने त्याने तोंड उघडलं. तिने चमचा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, शेजारी चिठ्ठी आणि पेन्सिल.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुझे हाल बघवत नाहीत गं. मी गेलो की सुटशील तरी."

"मला विचारलंस?"

सूप निवत होतं. ती हाताची घडी घालून स्टुलावर बसली.

"आधी नाव खोड. मग जेव."

बऱ्याच वेळाने चादरीवरची बोटं पेन्सिलीकडे सरकू लागली. नऊ वर्षं हेच बघायला मिळावं म्हणून ती मागत होती. तिने तोंड चुलीकडे फिरवलं.