राब जरा वर गेलाय

रेश्माला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. ओटीवर लॅपटॉप उघडा, पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा, आणि ही उठते काय, तांब्या तोंडाला लावते काय, परत येऊन त्याच खुणा बघते काय. दुपारी महाडच्या ऑफिसातून दीपकसरांचा फोन यायचा होता. तिनं 'पास' म्हटलं की पोलादपूरकडच्या गावांतले आगीचे निरोप आजपासून माणसाऐवजी एआय मदतनीस घेणार होता.

मदतनीसाच्या हाती दोन टूल्स होती. एक शेतात राब भाजल्याची नुसती नोंद करणारं. दुसरं वणव्याची हाक देणारं. त्यानं देवळावरचा भोंगा वाजायचा आणि माणसं धावायची. आलेल्या निरोपाला कोणतं टूल वापरायचं, हे मदतनीस त्या टूलच्या वर्णनावरून ठरवी. वर्णनं रेश्मानं लिहिलेली. ती त्याला नीट वाट दाखवतात का, हे तपासायचं कामही तिचंच, आणि तपासणीचे निरोपही तिनंच रचलेले. 'आमचा राब भाजतोय' म्हटलं की नोंद. 'डोंगराला वणवा लागलाय' म्हटलं की हाक. एकदाही चुकला नव्हता. तेच तिला खुपत होतं.

तिच्या कापडे गावात उन्हाळ्यात राब भाजायचाच. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरायच्या आणि सकाळच्या गारव्यात, वारा पडलेला असताना पेटवायच्या. त्या धुराला कोणी आग म्हणत नाही. एकेका राबाला भोंगा वाजू लागला तर लोक भोंग्याची वायरच तोडतील, म्हणून तिनं ठासून लिहिलं होतं : निरोपात राबाचं नाव आलं, तर नोंदीचंच टूल वापरावं.

पडद्यावर नवी ओळ उमटली. चाचणीसाठी गावातल्या काही घरांना मदतनीसाचा नंबर दिला होता, त्यातल्या ठकूबाईचा निरोप. राबाची नोंद. पुढं काम झाल्याची हिरवी खूण.

"चला, हेही बरोबर," असं पुटपुटत ती दारापर्यंत गेली आणि थबकली. ऊन चढलं होतं. अंगणातला पाला वाऱ्यानं गरगरत होता. अशा वेळी राब कोण पेटवतं? ती मागे वळली, निरोप पुरता उघडला.

'राब भाजत व्हते. जरा वर गेलाय. मानसं धाडा.'

खाली मदतनीसाचं उत्तर : 'आपल्या राबाची नोंद झाली आहे. धन्यवाद.'

रेश्मा पायात चप्पल न घालताच धावत सुटली.

ठकूबाई तिची चुलत आत्या. तिचं शेत डोंगराच्या पायथ्याला, वर सुकलं गवत, आणि गवताच्या टोकाला शेजारच्या रामजीकाकाचा गोठा. म्हातारी पदर खोचून बांधावर उभी होती, रस्त्याकडं डोळे लावून. तिच्या पाठीमागं जाळ तडतडत वर चढत होता.

"आत्ये! आग बघ कुठं गेली!"

"केला ना गो फोन. नोंद झाली बोलला त्यो. येतील आता मानसं."

"कोणी येत नाय! रामजीकाका कुठं हाय?"

"बाजाराला गेलाय. म्हशी बांधलेल्या हायत गो..."

रेश्मानं धावता धावता तोच नंबर लावला आणि ओरडली, "वणवा! कापड्यात वणवा लागलाय!" दोन श्वासांत देवळावरचा भोंगा बोंबलू लागला.

गोठ्यात धूर भरला होता. म्हशी दावी ताणून हंबरत होत्या. गाठी सुटेनात, तेव्हा तिनं आढ्याला खोचलेला कोयता ओढला आणि दावी तोडली. तोवर गाव ओल्या फांद्या घेऊन वर आलं. झोडपून झोडपून आग निवली. पेंढ्याची उडवी गेली, गोठ्याचा एक कूड गेला. म्हशी वाचल्या.

"आत्ये, फोनवर वणवा का नाय बोललीस?" रेश्माला अजून धाप लागलेली.

"कशाला बोलू? वणवा लोक लावतात. ह्यो माझा राब व्हता."

शेजारची काशीबाई काळवंडलेली फांदी टेकवत हसली. "म्हातारे, तुझा राब देवळात शिरला असता, तरी तू राबच बोलली असतीस."

रेश्माला हसू आलं नाही. आत्या खोटं बोलली नव्हती. मदतनीसही सांगितल्याप्रमाणेच वागला होता. आपण पेटवलेल्या आगीला कोणीच वणवा म्हणत नाही, हे या गावात जन्मून तिला ठाऊक होतं, आणि तरीही वर्णनात राब कुठं संपतो ते तिनं लिहिलं नव्हतं.

फोन वाजला. दीपकसर.

"रेश्मा, सगळं हिरवं दिसतंय की! करायचं ना सुरू?"

"नाही सर. नापास."

"अगं, एकही चूक नाहीये."

"पेपर मीच काढला होता सर. उत्तरंही मीच सांगून ठेवली होती. आता लोकांच्या तोंडचे निरोप गोळा करते, मग बघू."

तिनं फोन ठेवला आणि तिथंच काशीबाईला गाठलं. "काकू, तुमचा राब असा सुटला, तर फोनवर काय सांगाल?"

"आमचा नाय सुटत."

"समजा सुटला..."

"नाय सुटत बोलले ना!"

काजळलेल्या हातानं कपाळ पुसत रेश्मा पुढच्या माणसाकडं वळली. तो आधीच नकारार्थी मान हलवत होता.