भुयारातला शिमगा

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा नियम प्राचार्यांनी केला होता. चपलांबरोबर कॅलेंडरही बाहेर ठेवायचं, हा नियम दमयंतीने. पहिला नियम रत्नागिरीतल्या त्या कॉलेजात सगळेच पाळत. दुसरा फक्त मालनसाठी होता, आणि नेमकी मालनच तो पाळत नव्हती.

साल अठ्ठ्याऐंशी. दमयंती फिजिक्स शिकवायची, मालन गणित. दोघींनी मिळून, मोकळ्या तासांना, वर्षभर खपून एक खेळ लिहिला होता. त्याचं नाव ‘भुयार’. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांच्या खोल्या आणि बोळ. वेटोळ्यातला ए म्हणजे आपण. बी दिसला की बिबट्या, व्ही दिसला की विंचू, एस दिसला की साप. भुयार दर वेळी नव्याने खोदलं जायचं आणि जीव एकच मिळायचा. मेलात की पुन्हा पहिल्या पायरीवर, रिकाम्या हाताने, नव्या अंधारात. तळाशी, बाराव्या मजल्यावर, एक माणिक पुरलेलं होतं. ते अजून कोणाच्याही हाती लागलं नव्हतं.

दमयंती प्रत्येक मरण वहीत टिपून ठेवी. तीनशे बारा मरणं झाली होती, त्यातली दोनशे तरी शिपाई आत्मारामची. “बाई, आज सकाळपासून चार वेळा गेलो,” असं तो इतक्या प्रसन्नपणे सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, गणपतीपुळ्याला जाऊन आला.

ही मरणं तिने आलेखावर मांडली होती, कारण आता त्यांच्यावरच सगळं अवलंबून होतं. कॉलेजच्या ऑफिसला पगारपत्रकांसाठी कॉम्प्युटर हवा होता. त्यांनी टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. विज्ञान दिनाला संस्थेचे अध्यक्ष भिकाजीशेठ येणार होते. त्यांना त्या खोलीत विज्ञान दिसलं तर यंत्र तिथेच राहणार होतं. नुसता खेळ दिसला तर ते ऑफिसात जाणार होतं. म्हणून दमयंती त्याला खेळ म्हणतच नव्हती, ‘संभाव्यतेचा प्रयोग’ म्हणत होती. आणि खरंच तो तसा होता, मालनने त्यात शिमगा घालेपर्यंत.

“अगं, माझ्या भावाने बोटीवरून आणलेल्या त्या फ्लॉपीतला खेळ आठव,” मालन म्हणाली होती. “त्यात पौर्णिमेला खेळणाऱ्याचं नशीब फळफळतं. त्यांना पौर्णिमा चालते, मग आपल्या भुयाराला शिमगा का नको?”

“कारण सोमवारी खेळणाऱ्याला आणि मंगळवारी खेळणाऱ्याला भुयाराचा कायदा एकच पाहिजे. पाणी काय दिवाळी आहे म्हणून नव्वद अंशाला उकळतं?”

“पाणी नाही गं उकळत. माणसं उकळतात.”

“कॅलेंडर बाहेर!”

“मग हे यंत्र सुरू झाल्या झाल्या तारीख कशाला विचारतं? त्यालासुद्धा हौस आहे, दमू. तुलाच नाही.”

तीन दिवस दोघींचा चहा वेगवेगळा झाला. चौथ्या दिवशी तह झाला. वर्षातून एकच दिवस, फक्त शिमगा, आणि प्रदर्शनाच्या दिवशी अजिबात नाही. अठ्ठावीस फेब्रुवारी रविवारी आला, सोमवारी अध्यक्ष मुंबईत होते, म्हणून विज्ञान दिन मंगळवारी ठरला. दमयंतीने स्टाफरूमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. होळी गुरुवारी होती. मध्ये अख्खा बुधवार मोकळा होता. तिने सुस्कारा टाकला आणि विषय मिटवला.

मालनने मात्र नेमकी मंगळवारचीच रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. दमयंती इतकी भडकली की काय घरगुती, एवढंही तिने विचारलं नाही.

मंगळवारी आत्मारामने यंत्र सुरू केलं. तारीख विचारल्यावर नुसतं बटण दाबून पुढे जाता येत असे, पण आत्माराम तसा माणूस नव्हता. दोन बोटांनी, ओठ हलवत, त्याने तारीख घातली, एक मार्च. दमयंतीने पाहिलं आणि मान हलवली. ठीक.

भिकाजीशेठ आले. लाकडाची वखार आणि नारळाचा व्यापार सांभाळणारे, साठी ओलांडलेले गृहस्थ. कोल्हापुरी वहाणा त्यांनी दारात काढल्या आणि थंड फरशीवर पाय ठेवताच म्हणाले, “बरं आहे हो इथे! मेल्यावर असंच वाटत असेल.” मागून प्राचार्य आत आले. त्यांच्या मागे प्राध्यापकांची दाटी झाली.

दमयंतीने आलेख दाखवला. पहिल्या मजल्यावर किती मरतात, चौथ्यावर किती, सातव्यापलीकडे शंभरातला एकच कसा जातो. मग शेठना खुर्चीत बसवून म्हणाली, “भुयाराचा कायदा सगळ्यांना एकच. आता हा प्रयोग तुमच्यावर.”

शेठ पाचव्या मिनिटालाच रंगात आले. “हा बिबट्या माझ्याच मागे का? घरदार नाही त्याला?”

“त्याला दोनच नियम ठाऊक आहेत, शेठ. दिसलं की धावायचं आणि गाठलं की चावायचं.”

“आमच्या नगरपालिकेत दोन सभासद आहेत असे!”

खोली हसली, पण प्राचार्य हसले नाहीत. दमयंतीच्या कानाशी येऊन ते पुटपुटले, “मॅडम, हे विज्ञानच आहे ना?”

चौथ्या मजल्यावर शेठ कोपऱ्यात सापडले. एकुलत्या जीवाचे दोनच गुण उरले होते. समोर बिबट्या, बाजूला साप. दमयंतीने आलेखावर बोट ठेवलं. “बघा, सर्वांत जास्त मरणं इथेच. आता यातून शेठ वाचण्याची शक्यता—”

यंत्राच्या पोटातून ढोल वाजला.

शिट्टीसारखा आवाज काढणारी ती छोटी डबी, पण ठोका अगदी पालखीचा. भिंतीतून एक पी आरपार आला. बिबट्या थांबला. दोन पावलं डावीकडे गेला, दोन उजवीकडे, आणि पीच्या मागे लागला. त्याच्या मागे साप. बोळातून विंचू येत होते, रांगेने, नाचत. खाली रोमन लिपीत मराठी उमटलं: ‘पालखी दारात आली. नारळ ठेवा.’

दमयंतीला त्याच क्षणी सगळं कळलं. कोकणात शिमगे दोन. काही गावं तेरसेची, त्यांची पालखी त्रयोदशीला बाहेर पडते. काही भद्रेची, त्यांची पौर्णिमेला. तिचं गाव भद्रेचं होतं. मालनचं तेरसेचं. आज त्रयोदशी होती, आणि मालन या घटकेला गुलालाने माखून आपल्या गावच्या पालखीपुढे नाचत असणार. घरगुती!

“नारळ आहे माझ्याकडे! दुसऱ्या मजल्यावर उचलला होता!” शेठ ओरडले. त्यांनी नारळ ठेवला. पालखी हलली, जिने उतरली, सहावा, नववा, अकरावा मजला, आणि तिच्यामागून शेठ, त्यांच्यामागून भुयारातलं झाडून सगळं जनावर. बाराव्यावर एका रिकाम्या जागी पालखी अडली ती पुढे जाईना.

“खूण काढतेय पालखी, पुरलेलं शोधतेय!” आत्माराम दारातून म्हणाला. “खणा शेठ, खणा तिथेच!”

शेठनी खणलं. माणिक निघालं. प्राध्यापकांनी टाळ्या पिटल्या, कोणीतरी आरोळी ठोकली, प्राचार्यांनी कपाळ पुसलं. दमयंती आलेखाची गुंडाळी करू लागली. तीनशे बारा मरणं, आणि सगळी एका ढोलाने वाहून नेली.

पण शेठचा चेहरा उतरत चालला होता. “थांबा. आज मंगळवार ना? आज शिमगा कोणी सांगितला याला?”

“आज तेरस आहे, शेठ,” आत्माराम म्हणाला.

“तेरसेचा शिमगा हा काय शिमगा झाला? देवाची झोप पुरी व्हायच्या आत पालखी उचलायची!”

“आमचा देव लवकर उठतो, शेठ.”

बस्स. खोलीचे दोन तट पडले. बॉटनीचे सर तेरसेचे, लायब्ररीतल्या गंगाबाई भद्रेच्या, आणि जो तो आपल्या गावचा देव कसा नाचतो ते अनवाणी पायांनी दाखवू लागला. केमिस्ट्रीच्या काझी सरांनी मध्येच विचारलं, “ईदेचा चंद्र दिसल्यावर भुयारात उजेड होईल का?” त्यांना दोन्ही बाजूंचा पाठिंबा मिळाला.

शेठनी हात वर केला. “मॅडम, मघाशी तुम्ही काय म्हणालात? भुयाराचा कायदा सगळ्यांना एक.”

“हो, शेठ,” दमयंती म्हणाली.

“मग तेरसेवाल्यांना पालखी आणि आम्हा भद्रेवाल्यांना बिबट्या, हा कुठला कायदा? मी गुरुवारी सकाळी येतो. माझ्या गावची पालखी निघाली पाहिजे. आणि काझी सरांचा चंद्र दिसेपर्यंत यंत्र इथून हलवायचं नाही.”

“पण शेठ, पगारपत्रकं…” प्राचार्य म्हणाले.

“हाताने लिहा. आजवर काय पायाने लिहीत होतात?”

बुधवारी मालन परतली. कानामागे गुलाल, पिशवीत नारळाच्या वड्या. आत्मारामने तिला फाटकावरच सगळी हकिकत सांगितली होती, त्यामुळे ती खोलीत शिरली तीच भिंत धरून, हसून हसून वाकलेली.

“हसू नकोस. बस इथे,” दमयंती म्हणाली. तिने कागद पुढे सरकवला. “सुरुवातीला भुयार विचारेल, तुमचं गाव कोणतं? ज्याचा सण त्याच्या दिवशी. म्हणजे अचंबा प्रत्येकाला मिळेल आणि कायदा एकच राहील. दोनशे गावं भरायची आहेत, उद्या सकाळपर्यंत.”

“आणि हे काय?” मालनने आलेखाकडे बोट केलं. तीनशे बारा काळे ठिपके खाली दाटीने बसले होते. त्यांच्या कितीतरी वर, बाराच्या रेघेवर, एकटा लाल. “पुसणार ना हा?”

“निरीक्षण आहे. पुसता येत नाही.” दमयंतीने लाल ठिपक्याभोवती वर्तुळ काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘शिमगा, तेरसेचा’.

मालनने वडी तोंडात टाकली आणि पडद्यासमोर बसली. “बरं, भद्रेचा बिबट्या कसा नाचवू? आमचा दोन पावलं डावीकडे जातो, दोन उजवीकडे. तुमच्याकडे?”

“तीन. आणि मग गिरकी.”

“कशी?”

दमयंतीने दाराकडे पाहिलं. बोळात कोणी नव्हतं. तिने पदर खोचला.

“एकदाच दाखवीन हं,” ती म्हणाली. “नीट मोज.”