वाघीण ब्रिगेड मैदानात

बडोद्यातल्या तरसालीच्या समरजितने शहराच्या मुलींच्या खो-खो संघासाठी ‘वाघीण ब्रिगेड’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि आठवड्याभरात तो ओसंडून वाहू लागला. सगळे कट्टर चाहते. संघात किती जणी खेळतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, पण कट्टरपणात कुणी कमी नव्हतं.

रविवारी सकाळी सुरतशी अंतिम सामना होता. ग्रुपने जय्यत तयारी केली. झेंडा भगवा की जांभळा, यावर मतदान झालं. घोषणा मराठीत की गुजरातीत, यावर असं जुंपलं की काही जण कायमचे ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी परत आले. मधूनच हरणीचे भास्करराव गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात पाठवायचे. “काका, इथे फक्त खेळ!” असं उत्कर्ष त्यांना खडसावायचा. उत्कर्ष फार शिस्तीचा.

रविवारी समरजित ढोल घेऊन पोचला. सुरतकर बस भरून आले होते. बडोद्याच्या बाजूला तो, ढोल आणि खेळाडूंच्या आया.

“समरजितदादा, तुमची ब्रिगेड?” कर्णधार शिवांगीने विचारलं.

“रस्त्यात आहे.”

ग्रुपवर तसंच लिहिलं होतं. उत्कर्षने तर पलंगावरूनच फुगवलेल्या दंडाचं चित्र पाठवलं होतं.

पहिल्या डावात मुली मागे पडल्या. समरजितला ढोलाला हात लावायची लाज वाटू लागली. त्याने एकेकाला फोन लावले. कुणी उचलेना. शेवटी भास्कररावांनी उचलला.

“अरे, मॅच आजे छे? त्या झेंड्यांच्या गर्दीत तारीख दिसते कुणाला? थांब, आमचं भजन आटपतंच आहे.”

दुसरा डाव संपत आला तेव्हा रिक्षांतून अख्खं भजनी मंडळ उतरलं, टाळांसकट. भास्कररावांच्या पत्नी कौशल्याताई शाळेत खो-खो खेळलेल्या. त्या थेट दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अगं शिवांगी, बघतेस काय? खांबावर सूर मार!”

टाळ आणि ढोल एकदम घुमले. शिवांगीने सूर मारला, सुरतची शेवटची खेळाडू बाद झाली. एका गुणाने बडोदे जिंकलं. समरजितला रडू आवरेना.

ग्रुपवर फोटो पडताच उत्कर्षने लिहिलं, “आपण करून दाखवलं!” लगेच विजयोत्सव समितीच्या अध्यक्षपदावरून वाद पेटला.

समरजितने फोन खिशात टाकला आणि सगळ्यांना शेवउसळ खायला नेलं.

“पुढची मॅच कुठे?” कौशल्याताईंनी विचारलं.

“आणंदला.”

तिखटाने वाहणारं नाक पुसत त्यांनी तिथूनच बसवाल्याला फोन लावला.