अर्धा सूर खाली

"काका, ही ओळ परत घेऊ या. आवाज थोडा खाली ठेवा. आत्ता धमकी वाटतेय, प्रेम वाटायला हवं."

काचेपलीकडे बसलेल्या निर्मातीबाईंचा आवाज हेडफोनमधून आला. बुवांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि समोरचा कागद पुन्हा डोळ्यांखालून घातला. मग माइकच्या थोडं जवळ सरकून, अर्धा सूर उतरवून त्यांनी वाचलं, "तू कुठंही जाणार नाहीस. मी जाऊच देणार नाही. तू माझी आहेस, आणि जे माझं असतं त्यावर मी कुणाची नजरसुद्धा पडू देत नाही."

काचेपलीकडे निर्मातीबाईंनी समाधानानं मान डोलावली. शब्द तेच होते, पण आता ते ऐकून कुणाच्याही अंगावर गोड काटा आला असता. हे कसं होतं ते बुवांनाही सांगता आलं नसतं. घसा आपोआप तसा वळायचा.

बुवांचा उभा जन्म बसस्थानकावर घोषणा करण्यात गेला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठल्या गाडीला उशीर आहे, हे सांगता सांगता केस पांढरे झाले. सहकाऱ्यांनी त्यांचं नाव 'फलाटबुवा' ठेवलं आणि तेच पुढं चिकटलं. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना या स्टुडिओत आणून सोडलं. मोबाइलवर ऐकायच्या प्रेमकथांच्या मालिकेला भारदस्त आवाज हवा होता. नायक मोठा उद्योगपती, तापट, हट्टी, देखणा. नायिकेच्या फोनवर लक्ष ठेवणारा, तिच्या मित्राला हाकलून देणारा, तिच्या खोलीला बाहेरून कडी घालणारा आणि मग त्याच दारापाशी रात्रभर बसून राहणारा. बायका या नायकावर जीव ओवाळून टाकत. 'असं प्रेम आमच्या नशिबी कुठं,' असे निरोप यायचे. निर्मातीबाई ते वाचून दाखवायच्या आणि बुवा कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे.

घरी बायको त्यांची यथेच्छ थट्टा करायची. इकडे दाराशी आलेल्या माणसाला 'कोण पाहिजे' विचारताना यांचा आवाज फुटत नाही, आणि तिकडे म्हणे अर्ध्या गावाच्या बायका यांच्यासाठी उशा भिजवतात, असं ती शेजारणीला सांगायची. बुवा हसण्यावारी न्यायचे. आवाजाचं काम होतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा आणि टपोरे डोळे, म्हणून बुवा तिला ठकी म्हणायचे. मोठी झाल्यावरही ठकीच राहिली. चष्म्याच्या एका दुकानात ती डोळे तपासायची. गिऱ्हाइकाशी बोलायची तिची रीत अशी की चिडखोर म्हाताराही तिच्यापुढं निमूटपणे भिंगामागून भिंग बघत बसायचा. त्या दुकानातच तिला तो भेटला. चष्मा बदलायला म्हणून आला आणि मग रोज काही ना काही निमित्तानं येऊ लागला. ती सुटायच्या वेळी बाहेर उभा असायचा. घरापर्यंत सोडायचा. ती पोचली का, जेवली का, आता कुणाशी बोलते आहे, सगळं विचारायचा. ठकीच्या आईला तो फार आवडला. माणूस इतकी काळजी घेतो म्हणजे सोनं आहे, असं तिचं म्हणणं. बुवांनाही वावगं वाटलं नाही. लग्न झालं.

लग्नानंतर ठकीनं नोकरी सोडली. त्याचं सगळं काम घरून चालायचं, आणि ती दिवसभर बाहेर असली की त्याचं कामात लक्ष लागत नाही, असं तिनंच फोनवर सांगितलं, तेही जरा कौतुकानं. मग तिचं येणं कमी झालं. मग फोन कमी झाले. आला तरी तिच्या बोलण्याआधी एक बारीक थांबा असायचा, कुणीतरी शेजारी बसलं असल्यासारखा. दोघं एकमेकांत रमलेत, असं म्हणून बुवांनी मनाची समजूत घातली.

अशात एक दिवस चष्म्याच्या दुकानाचे मालक बुवांना रस्त्यात भेटले. मालक आता थकले होते आणि दुकान कुणातरी विश्वासाच्या माणसाच्या हाती द्यायचं होतं. ठकी परत आली तर सगळा कारभार तिच्याकडे सोपवतो, म्हणाले. तिला फोन केला होता, निरोपही ठेवला होता, पण उत्तर आलं नाही. बुवांना आनंद झाला. ही बातमी आपणच तोंडानं सांगावी म्हणून ते न कळवताच तिच्या घरी गेले.

दार जावयानं उघडलं. क्षणभर तो नुसता बघत राहिला, मग हसून त्यांना आत घेतलं. घर लखलखीत होतं. खुर्च्या टेबलाला काटकोनात, खिडक्यांवर जाड पडदे. टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवलेले. त्यातला निळ्या कव्हरचा ठकीचा.

ठकी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बुवांना पाहून तिचा चेहरा खुलला, आणि लगेच तिनं नवऱ्याकडे पाहिलं. वजन उतरलं होतं. तिनं चहा आणला आणि टेकायला जागा असूनही उभीच राहिली. बुवांनी तब्येत विचारली, तर जावई म्हणाला तिला हल्ली दगदग सोसत नाही. बुवांनी विचारलं की शाळेतली मैत्रीण भेटते का, तर जावई म्हणाला ती मैत्रीण काही बरी नव्हती. प्रत्येक प्रश्न ठकीकडे जायचा आणि उत्तर त्याच्याकडून यायचं. तो उद्धट नव्हता. 'बाबा, घ्या ना,' म्हणून बिस्किटं पुढं करत होता.

मग बुवांनी दुकानाची गोष्ट काढली. बोलता बोलता त्यांना रंग चढला. मालकांचा तिच्यावर किती विश्वास आहे, दुकान कसं तिच्या नावानं ओळखलं जाईल, हे ते सांगत सुटले. ठकीची मान थोडी वर झाली. डोळ्यांत काहीतरी हललं.

जावयानं कप खाली ठेवला. "तिला इथं काय कमी आहे, बाबा? ती कुठं जाणार नाही. मला ती नजरेसमोर लागते. माझी आहे ना ती."

त्यानं आवाज चढवला नव्हता. उतरवला होता. बरोबर अर्धा सूर. ती जागा त्यांच्या ओळखीची होती. शब्द कुठं सोडायचा, श्वास कुठं ठेवायचा, 'माझी' वर किती टेकायचं, हे सगळं ते रोज काचेमागं बसून करत होते.

ठकीची मान पुन्हा खाली गेली होती.

जावयाचा फोन वाजला. कामाचा होता, म्हणून तो खिडकीशी गेला. तेवढ्यात बुवा उठले आणि ठकी त्यांना दारापर्यंत सोडायला आली. जिन्याशी त्यांनी हळूच विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. बाबा, येताना आधी फोन करत जा."

"चार दिवस घरी ये. आई वाट बघते."

"विचारते," ती म्हणाली.

लहानपणी न विचारता झाडावर चढणारी, न सांगता परीक्षेचा फॉर्म भरून येणारी ही मुलगी. तिनं मागं एकदा वळून पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "तो तुमची मालिका ऐकतो, बाबा. रोज. मलाही शेजारी बसवून ऐकवतो. मी काही बोलायला गेले की म्हणतो, बघ, तुझे बाबाच सांगतायत प्रेम कसं असतं."

आतून हाक आली. ठकीनं दार लोटून घेतलं.

बुवा घरी आले ते पाय ओढत. बायकोला सगळं सांगितलं, शेवटचं तेवढं सोडून. ते जिभेवर येईना. त्यांना वाटलं होतं ती जावयाची बाजू घेईल. तिनं हातातला कपडा घडी करता करता बाजूला ठेवला.

"मला कळलंय ते कधीचं," ती म्हणाली. "फोनवर तिसरा श्वास ऐकू येतो मला."

मग बोलली का नाहीस, असं बुवांनी विचारलं. त्यावर ती म्हणाली की तिनं एकदा तोंड उघडून पाहिलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस फोनच आला नाही. आपण भांडलो तर हा तिला पूर्ण तोडेल. पोलिसात जावं तर सांगणार काय? मारत नाही, उपाशी ठेवत नाही, जीव लावतो. आणि आपली पोर चार लोकांत म्हणेल की मी सुखात आहे. "दार किलकिलं तरी राहू दे," ती म्हणाली. "आपल्या हातात तेवढंच आहे."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नवीन भाग वाचायचा होता. नायिकेला परगावी नोकरी लागते आणि नायक तिचं तिकीट फाडून टाकतो. बुवांनी कागद वाचून बाजूला ठेवला. ती जाते असं करता येईल का, त्यांनी विचारलं. निर्मातीबाई समंजस होत्या. लेखिकेनं लिहून दिलंय आणि ऐकणाऱ्यांना हेच हवंय, हे त्यांनी शांतपणे समजावलं. शिवाय शेवटी तो सुधारतोच ना, काका, असंही म्हणाल्या. बुवांना विचारायचं होतं, कितव्या भागात? पण ते माइकसमोर बसले.

त्यांनी वाचलं. या वेळी सूर उतरवला नाही. जे लिहिलं होतं तेच, ते जसं आहे तसं वाचलं. तिकीट फाडणारा माणूस तिकीट फाडताना जसा बोलेल, तसं. यंत्रापाशी बसलेल्या माणसानं कानावरचे हेडफोन काढले.

"काका, असं वाचलं तर ऐकणारी बाई घाबरेल," निर्मातीबाई म्हणाल्या.

"घाबरू दे. घाबरायलाच हवं."

बाईंनी पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं. बुवांनी घेतलं, तसंच. मग बाईंनी त्यांना बाहेर बोलावून चहा पाजला आणि अवघडून सांगितलं की दुसरा एक आवाज तयार आहे, काम थांबणार नाही. बुवांनी चष्मा खिशात घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले.

मालिका खरोखरच थांबली नाही. नव्या आवाजाबद्दल आठवडाभर कुरकुर झाली. मग त्याच्याही नावानं उसासे सुरू झाले. तो तरुण होता आणि सूर अगदी अचूक उतरवायचा.

बुवांना कुठंतरी वेडी आशा होती की आपण मालिका सोडली हे कळल्यावर ठकीला काहीतरी समजेल. त्यांनी फोन केला. जावयानं उचलला. ती झोपली आहे, म्हणाला. नंतर केला तेव्हा अंघोळीला गेली होती. त्यानंतर फोन लागेनासा झाला. चष्म्याच्या दुकानावर नव्या मालकाची पाटी चढली.

हल्ली सकाळी बुवा फिरायला म्हणून निघतात आणि बस बदलून ठकीच्या इमारतीसमोर जातात. तिथं रस्त्यापलीकडे एक बाक आहे. ऊन चढलं की ठकी गॅलरीत कपडे वाळत घालायला येते. पहिल्या दिवशी तिनं त्यांना पाहिलं आणि हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली. हात हलवला नाही, हाकही मारली नाही. बुवांनीही मारली नाही. आयुष्यभर भरल्या स्थानकाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस तिथं तोंड मिटून बसला. तिनं एकेक कपडा झटकला, काठाला काठ जुळवला, चिमटा लावला. जे काम पाच मिनिटांचं, ते तिनं कितीतरी वेळ पुरवलं. रोज तसंच चालू राहिलं.

मग एका सकाळी गॅलरीला कामगार लागलेले दिसले. कबुतरांचा फार त्रास, असं खालचा पहारेकरी म्हणाला. दुपारपर्यंत वरपासून खालपर्यंत जाड हिरवं कापड ताणून बसवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बुवांनी घरातून निघताना बायकोकडे पाहिलं. तिनं काही न विचारता पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

ते बाकावर बसले. ऊन चढलं. हिरव्या कापडामागं एक सावली आली, वाकली, सरळ झाली. कपडा धरलेले हात वर गेले. मग ती सावली कठड्यापाशी येऊन थांबली. तिला बाहेरचं दिसत होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. बुवांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, पाठ ताठ केली आणि दिसतील असे बसून राहिले, शेवटचा कपडा वाळत पडेपर्यंत.