गच्च पट्टा

दोन उन्हाळे कालिपा गावातच राहिली. घरची माणसं जनावरं घेऊन वरच्या कुरणावर जात आणि तिच्या दुभत्या घोड्यांची धार जाऊबाई काढत. त्यांच्या हाताला त्या घोड्या पान्हा सोडत नसत, हा भाग निराळा. तीन बाळंतपणं झालेल्या कालिपाचं अंग बाहेर येत होतं. खोगिरावर बसलं की अंड्याएवढं काहीतरी खाली उतरायचं. तिने कुणाला सांगितलं नाही. सासूबाई बुरमाखाननी मात्र न सांगता ओळखलं आणि उपाय केला. बाळंतपणानंतर बायका कपड्यांवरून नेसतात त्या घेराचा, बेल्देमचीचा, जाड पट्टा सुनेच्या कमरेला गच्च आवळला. दुखणं वाढेल तसा कालिपा तो आणखी आवळत गेली.

यंदा वसंतात सासूबाईंनी साफ सांगितलं. "या खेपेला वर आली नाहीस तर घोड्या जावेच्या. जनावरं काय तुझी वाट बघत म्हातारी होणार?"

त्या घोड्या कालिपाने शिंगरं असल्यापासून वाढवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ती जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टर दामिरांनी आधी पट्टा सोडायला लावला. "हा कुणी बांधला?"

"सासूबाईंनी. आत धरून ठेवतो म्हणतात."

"कसला धरतोय? भरलेली पिशवी मधोमध आवळ, खालची बाजू फुगणारच. वरून दाबलं की आतलं खाली जातं."

कालिपाला भयंकर राग आला. दोन वर्षं ती दुखणंच आवळत बसली होती.

"पेलणारे स्नायू बाळंतपणांत सैल पडतात," दामिरा म्हणाल्या. "तुझ्या गावात अशा कितीतरी जणी असतील, बोलत कुणी नाही." त्यांनी एक मऊ कडी दाखवली. "ही आत बसते आणि अंग वर धरते."

"म्हणजे आमच्या तंबूच्या माथ्यावरची, सगळ्या काठ्या पेलणारी कडी," कालिपा म्हणाली.

"तीच समज. पुढे लागलं तर ऑपरेशनही आहे."

पहिली कडी खोकताच बाहेर आली. दोघी हसल्या. दुसरी, मोठ्या मापाची, बसली. कालिपा उकिडवी बसली, जिना चढली, खोकली, तरी कडी जागची हलली नाही. लघवी अडवताना ओढतो ते स्नायू रोज ओढून धरायचे, बादली अर्धीच भरायची आणि तपासायला परत यायचं, एवढं पक्कं करून ती घरी आली.

दीड महिन्याने बिऱ्हाड हललं. कालिपा खोगिरावर चढली. आधी जपून, मग दुडक्या चालीने, आणि खिंड ओलांडल्यावर तिने घोडा चौखूर सोडला. खाली काही उतरलं नाही. ती मोठ्याने हसत राहिली, रडलीही. संध्याकाळी ती धारेला बसताच तांबड्या घोडीने पान्हा सोडला. जाऊबाईंनी सुटले म्हणून हात जोडले.

सासूबाई नेहमीसारख्या ट्रकमधून आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना घोड्यावर बसवत नसे.

"पट्टा कुठाय?"

"घरी, खुंटीवर. तो खाली ढकलत होता, एने." सासूला ती एने, म्हणजे आई म्हणे.

बुरमाखाननी आसपास कुणी नाही ना, ते पाहिलं. मग त्यांनी सुनेला तंबूत ओढलं आणि स्वतःचा पट्टा सोडायला घेतला. कमरेवर खोल, काळपट वळ होता.

"गुडघे धडधाकट आहेत माझे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं खोटं बोलतेय. त्या बाईकडे माझ्या मापाची कडी असेल?"

"असेल. पहिली पडली तर घाबरायचं नाही."

"घाबरतेय कोण? कडी बसवून आले की बिऱ्हाड उतरताना मला ट्रक नको. घोडा कसून ठेव."