पोपटी बनियन

आमच्या पेठेत पोपटी रंग कुणी घालत नाही. शेजारच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ पोपटी, आमचा जांभळा. एवढं कारण तीन पिढ्यांना पुरलं आहे. लग्नात पोपटी शालू आला तर तो अत्यंत सौजन्याने परत जातो. मिरचीसुद्धा आम्ही भज्यात लपवून खातो.

पुण्याहून आलेल्या दत्तप्रसाद सरांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी कळंब्याजवळ मैदान भाड्यानं घेतलं आणि मुलांसाठी फुटबॉलची खासगी शिकवणी काढली. फलकावर लिहिलं, 'पायात कौशल्य, डोक्यात मानसिकता'. आमच्याकडे आजवर दोन्ही गोष्टी पायातच असत, त्यामुळे पेठेत कुतूहल पसरलं आणि बरीच पोरं लागली.

गुरुपादअण्णांनी नातीला, रक्षिताला, पहिल्याच दिवशी नेऊन घातलं. अण्णा एके काळचे आमचे फुलबॅक. आपल्या देखत पोपट्यांचा गोल कधी झालाच नाही, असं ते सांगतात. पलीकडच्या पेठेत वेगळं सांगतात. रक्षिता अकरा वर्षांची, फॉरवर्ड. गोव्याच्या शिबिराला सर एकच खेळाडू नेणार होते, आणि ती आपणच असावी म्हणून पोरगी झोपेतही लाथा मारायची.

निवडीच्या रविवारी सरांनी जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची जाळीदार बनियनं वाटली. अर्धी जांभळी, अर्धी पोपटी. तारेच्या कुंपणाबाहेर पालकांची कुजबुज एकदम थांबली.

"ओ सर, ह्ये काय आणलंसा?"

"बनियनं. दोन संघ ओळखू यावेत म्हणून."

"ते कळलं की. रंग कुठला हाय?"

सरांनी एक उजेडात धरून पाहिलं. "पोपटी."

"न्हाय घालणार पोरं."

पोरांनी ती झुरळ झटकावं तशी आधीच टाकली होती आणि सगळी जांभळ्यांत जाऊन उभी होती.

"रंगाला घाबरणं म्हणजे कच्ची मानसिकता," सर म्हणाले. "ज्यांना जांभळी मिळालीत, त्यांनी ती घातलेली आहेतच. बाकीच्यांपैकी पोपटी न घालणारा निवडीत नाही."

रक्षितानं खाली पडलेलं एक उचललं, धूळ झटकली आणि डोक्यातून घातलं. ते गुडघ्यापर्यंत आलं.

"रक्षे! काढ ते!" अण्णा कुंपणाला भिडले.

"आज्जा, मला खेळायचं हाय."

"लोक बघाय लागलेत!"

"बघू देत की. कुंपणाला जाळी त्यासाठीच हाय."

"तुला हितं कशाला घातलं गं मी?"

"मानसिकता घडवायला."

"मग?"

"घडली."

सरांनी शिट्टी वाजवली. बाकी कुणी पोपटी घातलं नाही; एका बाजूला एकटी रक्षिता, दुसऱ्या बाजूला पेठ. पहिला चेंडू तिच्याकडून गेला, दुसराही गेला. विश्वजित नावाच्या धिप्पाड पोरानं तिला खांद्यानं आडवी केली आणि "पोपट! पोपट!" म्हणून नाचला. कुंपणानंही सूर धरला. रक्षिता उठली, कोपरावरची माती पुसली आणि पुन्हा त्याच्याच अंगावर गेली. या वेळी चेंडू तिच्या पायात राहिला. नाचायचा मोह गोलकीपरलाही आवरला नव्हता, तो गोल सोडून पार पुढं आला होता.

विश्वजित आडवा आला. तेवढ्यात कुंपणावरून आवाज फुटला.

"रक्षे, डावीकडनं काढ! त्याचा डावा पाय नुसता शोभेचा हाय!"

सगळ्यांनी वळून अण्णांकडं पाहिलं. अण्णांनीही मागं वळून पाहिलं, दुसरंच कुणी ओरडलं असावं तसं.

रक्षितानं डावीकडनं काढला. मोकळ्या जाळीत गोल झाला. अण्णांच्या देखत झालेला हा पहिला पोपटी गोल, निदान त्यांच्या हिशेबानं.

"गोव्याला रक्षिता," सर म्हणाले.

"असं कसं? फुटबॉल सांघिक खेळ हाय! हिचा संघ कुठाय?" विश्वजितचे वडील गरजले.

"संघाला बोलावलं होतं," सर म्हणाले आणि उरलेली बनियनं गोळा करायला लागले.

परतताना अण्णांनी स्कूटर चालू केली. "काढ आता. पेठेतनं जायचंय."

"न्हाय."

बाहेरच्या रस्त्यानं जाता आलं असतं. अण्णांनी स्कूटर पेठेत घातली आणि मुद्दाम तालमीच्या दारावरून नेली. कट्ट्यावरची मंडळी उठून रस्त्यात आली.

"अण्णा, मागं पोपटी कोण बसवलंय?"

अण्णांनी एक पाय खाली टेकवला. बोटं हॉर्नवरच होती.

"फॉरवर्ड हाय," ते म्हणाले. "अडवून दावा."